आधी गुलामगिरी कुणी बंद केली? काकांशी झालेला वाद

काल जेवणं झाल्यावर काकांशी जोरात वाद झाला, विषय काय तर गुलामगिरी संपवायचं श्रेय इंग्रजांना द्यायचं का अमेरिकेला. काका चाळीस वर्षं यंत्रमागावर, भुवयांवर अजून पिंज बसलेली असते. त्यांचं म्हणणं एकच, "इंग्रजांनी १८३३ लाच कायदा केला, अमेरिकेला १८६५ उजाडलं, ते पण यादवी युद्धात सहा लाखाच्या वर माणसं मेल्यावर."

सालं बरोबर आहेत. पण काका, दोन कोटी पौंड भरपाई मिळाली ती मालकांना! ज्या गुलामांनी पिढ्यानपिढ्या इंग्रजांच्या मळ्यांत ऊस तोडला त्यांना दमडी नाही, उलट बहुतेकांना ॲप्रेंटिस म्हणजे शिकाऊ कामगार म्हणून १८३८ पर्यंत त्याच मालकाकडं राबवलं, आणि या पैशासाठी सरकारनं काढलेलं कर्ज फिटलं २०१५ ला. आणि आपला ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यातला मुलूख तर त्या कायद्यातून वगळलाच होता, इथं कायदा आला १८४३ ला. मग इंग्रजांच्या जहाजांनी आफ्रिकेतून नेलेल्या तीस लाखाहून जास्त माणसांचा हिशोब कुणी द्यायचा?

म्हणून अमेरिका सुटली असं नाही. सगळी माणसं समान म्हणून जाहीर केलं आणि राज्यघटनेत, प्रतिनिधींच्या जागा ठरवायला लोकसंख्या धरताना, गुलाम माणूस मोजला तीन-पंचमांश. युद्धाच्या तोंडावर तिथं चाळीस लाखाच्या आसपास माणसं गुलाम होती, आणि त्यांनी वेचलेला कापूस जायचा कुठं, तर इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांत. म्हणजे कायदा करून तीस वर्षं होत आली तरी इंग्रजांचं कापड गुलामांच्याच कापसाचं. इथं काका जरा थांबले, सूत कुठनं येतं हे त्यांना सांगावं लागत नाही.

मग मी त्यांना तिथल्याच मँचेस्टरचं सांगितलं. अमेरिकेच्या त्या युद्धात उत्तरेच्या नौदलानं गुलामगिरी टिकवायला लढणाऱ्या दक्षिणेची बंदरं अडवली, कापूस बंद, गिरण्या बंद, घरात खायला नाही. तरी ३१ डिसेंबर १८६२ ला तिथल्या कामगारांनी सभा घेऊन अमेरिकेचे अध्यक्ष लिंकन यांना पत्र पाठवलं की गुलामगिरी संपवा, आम्ही तुमच्या बाजूनं आहोत. लिंकननी उत्तर पण दिलं. मला विचाराल तर श्रेय या लोकांचं, आणि इंग्रजांच्या ताब्यातल्या जमैका बेटावर १८३१ ला उठाव करून फासावर गेलेल्या गुलामांचं. सरकारांचं नंतर बघू.

आमच्या आजोबांची गिरणी बंद पडली तेव्हा आजी विड्या वळायला बसली होती, तंबाखूचा वास तिच्या बोटांना शेवटपर्यंत होता. काकांना तेच आठवलं असणार. बराच वेळ गप्प बसून त्यांनी विचारलं, "मग त्यांच्या पोरांनी खाल्लं काय रे?"

म्हटलं, १८६३ ला न्यूयॉर्कहून एक जहाज आलं काका, जॉर्ज ग्रिसवोल्ड नावाचं, पिठाची पिंपं भरून.