जन्मसाल १९२८

दोन दिवस नावावरून शोधून काहीच हाती लागलं नाही, तेव्हा मी नाव बाजूला ठेवलं आणि तारखेच्या मागे लागले.

जिनिव्हाच्या अभिलेखागारात, दुसऱ्या महायुद्धात फ्रान्सकडून सीमा ओलांडताना अडवलेल्या लोकांच्या फायली आहेत. नव्वदीला टेकलेल्या एका बाईंना त्यांतून स्वतःचा आणि थोरल्या भावाचा कागद हवा होता. भाऊ कधीच गेला. पत्रात त्याचं जन्मसाल होतं १९२६. बाई तेव्हा सात वर्षांच्या. आठवत होतं ते एवढंच: सीमेलगतच्या आनमास या फ्रेंच गावाजवळची रात्र, काटेरी तार, आणि 'इटालियन शिपाई निघून गेल्यानंतर'.

हे शेवटचे शब्द सोन्यासारखे निघाले. इटलीची शरणागती ८ सप्टेंबर १९४३ ला जाहीर झाली. मग तोवर इटलीच्या ताब्यात असलेल्या त्या भागात जर्मन आले आणि ज्यू मुलांना तुकड्या-तुकड्यांनी स्वित्झर्लंडमध्ये पोचवण्याची घाई झाली. त्या तारखेपासून पुढे एकेक फाईल उघडत गेले. सोबत नेणारे तरुण स्वतः विशीतले. मारियान कोन ३१ मे १९४४ ला २८ मुलांसह पकडली गेली. आनमासचे महापौर जाँ देफो यांनी खटपट करून धाकट्यांना तुरुंगातून सोडवलं; पुढे सगळी मुलं वाचली. मारियानला जुलैत ठार मारलं. एकवीस वर्षांची होती ती.

चौथ्या दिवशी भाऊ-बहीण सापडले. पोलिश आडनाव लिहिणाऱ्याने कानावर पडलं तसं उतरवलं होतं, पहिलं अक्षरसुद्धा वेगळं. आणि भावाचं जन्मसाल: १९२८.

शेजारचा सहकारी म्हणाला, "चूक आहे, दुरुस्तीची टीप टाक." मी नाही टाकली. आई-वडिलांविना आलेल्या, सोळाच्या आतल्या मुलाला परत धाडायचं नाही, असा तेव्हा स्विस नियम होता. सतरा वर्षांच्या मुलाला तारेपलीकडे लोटता आलं असतं. मी लिहिलं: 'वय मुद्दाम कमी सांगितलं असावं.' त्या दोन वर्षांना चूक म्हणायला माझं मन धजेना.

संध्याकाळी बाईंना फोन केला. भावाची सही आहे म्हटल्यावर त्यांनी ती कशी दिसते ते विचारलं. मी अक्षर न् अक्षर सांगितलं. मग जन्मसाल वाचलं.

बराच वेळ पलीकडून आवाज नाही.

"वाटभर तो माझ्याकडून घोकून घेत होता," त्या म्हणाल्या. "'माझा दादा पंधराचा आहे.' मला वाटायचं, खेळ आहे."