पत्ता बदलला, कळवलं कुणीच नाही

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीसाठी ओतकाम कसं थंड होतं ते दाखवणारा प्रोग्रॅम करत होतो. गणित सगळं फोरट्रॅन या प्रोग्रॅमिंग भाषेत, आमच्या सरांनी लिहिलेलं. आलेख सी भाषेत, तो माझा. जोडणी मला किरकोळ वाटली. सुरुवातीलाच फोरट्रॅनने सी-लॉक (पत्ता काढून देणारं फंक्शन) वापरून तापमानांच्या यादीचा, म्हणजे अ‍ॅरेचा मेमरीतला पत्ता द्यायचा, सीने तो ग्लोबल पॉइंटरमध्ये (पत्ता साठवणारं, सगळीकडून दिसणारं व्हेरिएबल) जपून ठेवायचा.

गणितासाठी आखलेल्या जाळीत १००० नोड, म्हणजे बिंदू, होते तोवर झकास चाललं. जाळी बारीक करून १२०० केले आणि आलेखात साच्याचा एक कोपरा १४०० अंशांवरून एकदम शून्यावर! तेही कधीतरीच. सर समोर बसले की हटकून बरोबर यायचं.

दोन दिवस मी माझाच सी कोड उसवत बसलो. शेवटी व्हॅलग्रिंड हे मेमरीतल्या चुका पकडणारं साधन लावलं. त्याने दर वेळी पकडलं: ८००० बाइटचा, आधीच मोकळा केलेला ब्लॉक वाचला जातोय. ८००० म्हणजे १००० डबल (प्रत्येकी ८ बाइटचे दशांश आकडे), जुना अ‍ॅरे. पण मी तर कुठेच फ्री केलं नव्हतं!

मग दोन्हीकडचे पत्ते छापत गेलो. एका ओळीआधी सारखे, ओळीनंतर वेगळे. ओळ अगदी साधी, ‘ताप = नवे’, म्हणजे तापमानांच्या यादीत नवे आकडे भरायचे. फोरट्रॅन २००३ पासून डावीकडचा अ‍ॅरे अलोकेटेबल (प्रोग्रॅम चालताना आकार ठरणारा) असेल आणि आकार जुळत नसेल, तर भाषा स्वतःच त्याचा आकार बदलते. शेजारी जागा असली तर तो तिथेच वाढतो, नसली तर बिऱ्हाड हलवतो. म्हणून कधीतरीच. राजारामपुरीत तिसऱ्या गल्लीतून सातव्या गल्लीत खोली बदलली तरी दूधवाला जुन्याच दारात पिशवी ठेवून जातो, तसा माझा पॉइंटर.

सरांना सांगितलं तर ते हसले. “आमच्या वेळी आकार जुळवायचं काम आपलं असायचं रे.”

डावीकडे ‘ताप(:)’ लिहून आकार बदलणं थांबवता आलं असतं, पण इथे नोड खरंच वाढत होते. म्हणून ग्लोबल पॉइंटर काढून टाकला. आता दर कॉलला ताजा पत्ता आणि सोबत नोडची संख्या जाते. सी काहीच लक्षात ठेवत नाही.

जीफोरट्रॅन या कम्पाइलरला ‘-डब्ल्यूरिअलोक-एलएचएस’ (असा आकार जिथे बदलू शकतो त्या ओळी दाखवणारा पर्याय) लावून सरांचा बाकीचा कोड कम्पाइल केला, तर ३७ वॉर्निंग आल्या. निम्म्या तपासून झाल्यात.