पेनांग एका दिवसात उरकू नका

क्वालालंपूरची सहल ठरवताना मलेशियातलंच पेनांग बेट बहुतेक वेळा ‘एका दिवसाची जोड’ म्हणून गळ्यात मारलं जातं. सकाळचं विमान, दुपारी टेकडी, भिंतीवरच्या चित्रांसमोर फोटो आणि रात्री परत. असं जाणार असाल तर न गेलेलं बरं. पेनांगचं जुनं शहर जॉर्जटाउन सकाळी सात ते दहा आणि संध्याकाळी पाचनंतर जागं असतं. मधल्या वेळात ऊन कडक, हवा दमट आणि अर्धी दारं बंद. एका दिवसाच्या सहलीच्या वाट्याला नेमकी तीच वेळ येते. म्हणून किमान तीन रात्री राहा, आणि त्याही जुन्या शहरातच.

आम्ही गेलो ते नवरा, मी आणि सासूबाई. नवरा पट्टीचा मासेखाऊ. सासूबाई शुद्ध शाकाहारी आणि गुडघ्यांनी बेजार. या दोघांना एकाच शहरात खूश ठेवता आलं, यातच पेनांगचं कौतुक आलं.

आधी कागदपत्रं. भारतीय पासपोर्टवर मलेशियात तीस दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. ही सवलत सध्या ३१ डिसेंबर २०२६पर्यंत आहे, तेव्हा तिकीट काढण्यापूर्वी एकदा खात्री करून घ्या. पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत डिजिटल अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरावं लागतं. ते सरकारी संकेतस्थळावर फुकट आहे. पैसे मागणारी हुबेहूब दिसणारी पानंही नेटवर सापडतात, त्यांच्या नादी लागू नका. परतीचं तिकीट आणि हॉटेलचं बुकिंग छापून हाताशी ठेवा. हॉटेलात परदेशी पाहुण्यांकडून दर खोलीला दर रात्री दहा रिंगिट पर्यटन कर वेगळा घेतात. बुकिंगच्या रकमेत तो बहुधा धरलेला नसतो. एक रिंगिट म्हणजे ढोबळमानाने वीस रुपयांच्या वरच. प्लग तीन चौकोनी पिनांचा ब्रिटिश पद्धतीचा लागतो.

मुंबईहून गेलात तर क्वालालंपूरला विमान बदलावं लागतं. तिथून पेनांग तासाभराचं. वेळ असेल तर मात्र क्वालालंपूर सेंट्रलहून बटरवर्थपर्यंत रेल्वेने जा आणि पुढे फेरीने खाडी ओलांडा. रेल्वेला चार-साडेचार तास लागतात. फेरीचा प्रवास जेमतेम पंधरा मिनिटांचा, तिकीट किरकोळ, आणि शहर समोरून हळूहळू जवळ येतं. साडेतेरा किलोमीटरचा १९८५ सालचा पूल गाडीतून ओलांडण्यापेक्षा हे कितीतरी छान.

जुनं शहर चालण्याजोगं आहे, पण फूटपाथच्या भरवशावर राहू नका. दुकानांपुढचे छत असलेले पडवीसारखे रस्ते सावलीचे असले तरी दर चार पावलांवर मोटारसायकल, कुंडी नाहीतर खुर्ची आडवी येते, आणि एका दुकानापासून दुसऱ्यापर्यंत पातळीही बदलते. सासूबाई दोनदा वैतागून रस्त्यावर उतरल्या आणि तिथूनच चालल्या. गुडघे दुखणारं माणूस सोबत असेल तर लांबच्या अंतराला ॲपवरून ग्रॅब टॅक्सी बोलवा, भाव आधीच कळतो. जुन्या शहरात फिरणारी एक फुकट बसही आहे. साध्या बसमध्ये सुटे पैसे परत मिळत नाहीत, तेव्हा नेमकी रक्कम काढून ठेवा.

पहिली सकाळ मशीद कपितान केलिंग रस्त्याला द्या. हे शहर समजून घ्यायला दुसरी कुठली जागा लागत नाही. उत्तर टोकाला सेंट जॉर्ज चर्च, १८१८ साली पुरं झालेलं, कैद्यांच्या मजुरीतून उभं राहिलेलं. थोडं पुढे दयेची देवी क्वान यिनचं चिनी देऊळ. मग १८३३ सालचं श्री महामारिअम्मन देऊळ. त्याचं गोपुर मात्र मागच्या क्वीन रस्त्यावर आहे, त्यामुळे वळसा घालावा लागतो. आणि पुढे तमिळ मुस्लिम व्यापाऱ्यांनी उभारलेली मशीद. हे सगळं एक किलोमीटरच्या आत. ‘सलोख्याचा रस्ता’ असं त्याला पर्यटन खात्याच्या थाटात म्हणतात; तसं म्हटलं नाही तरी चालतं, कारण सकाळी तिथे उभं राहिलं की काय ते दिसतं. क्वान यिनच्या अंगणात मनगटाएवढ्या जाड उदबत्त्या धुमसत होत्या आणि बाहेर तमिळ फुलवाली पिवळ्या शेवंतीचे हार ओवत बसली होती. एका चिनी आजींनी तिच्याकडून हार घेतला, घासाघीस न करता पैसे दिले आणि आत जाऊन देवीला घातला. सासूबाईंनी लगेच त्याच फुलवालीकडून मारिअम्मनसाठी हार घेतला. फुलवालीला दोघींच्या देवींची नावं सारखीच पाठ.

मारिअम्मनचं देऊळ दुपारी बंद असतं, म्हणून आधी तिकडे जा. मशिदीत नमाजाच्या वेळा सोडून आत सोडतात, अंगभर झगा तिथेच मिळतो. शुक्रवारी दुपारी मात्र जाऊ नका. चपला सगळीकडेच काढायच्या, तेव्हा बुटांपेक्षा सँडल बरे.

तिथून चालत खू कोंगसी गाठा, म्हणजे खू आडनावाच्या चिनी कुळाचं सभागृह. आधीची इमारत १९०१ साली जळाली. राजवाड्याच्या तोडीची बांधली म्हणून देव कोपले, असं लोक सांगतात. मग १९०६ साली ‘साधी’ बांधली. ती साधी पाहून मूळची कशी असेल याचा अंदाज करत बसावं. तिकीट आहे, पण द्यावंच.

भिंतीवरच्या चित्रांबद्दल थोडक्यात. सायकलवरची दोन मुलं हे एर्नेस्ट झाखारेविचने २०१२ साली आर्मेनियन रस्त्यावर काढलेलं चित्र. दहानंतर तिथे फोटोसाठी रांग लागते. आठ वाजता गेलात तर रस्ता मोकळा. चित्रांचा नकाशा हातात घेऊन उन्हात सगळी शोधत फिरायची गरज नाही, चालताना आपोआप भेटतात. चू जेट्टीवरची खांबांवरची घरं पाहाच, पण ती लोकांची राहती घरं आहेत. दारातून आत कॅमेरे घालू नका.

आता खाणं. इथे लोक मुख्यतः खायलाच येतात, आणि शाकाहाऱ्यांनी सावध राहायला हवं तेही इथेच. दिसायला निष्पाप वाटणाऱ्या पदार्थात कोळंबीची आंबवलेली पेस्ट असते. फळांचं रोजाक म्हणजे पपनस, काकडी, अननस यांची कोशिंबीर वाटते, पण वरचा काळा रस त्या पेस्टचा. आसाम लाक्सा हे नूडल्सचं सूप चिंचेचं सार वाटलं तरी ते माशांवरच उकळलेलं असतं. चार क्वे तिओ म्हणजे परतलेल्या तांदळाच्या नूडल्स, त्यात कोळंबी, शिंपले, अंडं आणि अनेक ठिकाणी डुकराची चरबी. ‘व्हेज’ म्हटल्यावर विक्रेता नुसतं मांस काढून टाकतो. ‘ताक माहू इकान, ताक माहू उदांग’ म्हणजे मासा नको, कोळंबी नको, असं सुटं सुटं सांगितलं की समजतं.

आमचा खरा आधार निघाला तो चिनी बौद्ध शाकाहारी खानावळींचा. पाटीवर 素 हे चिन्ह असतं. भात, सात-आठ भाज्या, टोफू, सगळं मांडलेलं. आपण बोट दाखवायचं. परंपरेने यात कांदा-लसूणही नसतो, त्यामुळे जैन मंडळींनीही इथेच जावं. अंडं मात्र एखाद्या पदार्थात असू शकतं, विचारून घ्या. आणि ताटात बदकासारखं, माशासारखं काही दिसलं तर दचकू नका, ते सोयाबीन नाहीतर गव्हाचंच असतं. सासूबाईंनी तो ‘मासा’ काही तोंडात घातला नाही. आकारालाच त्यांचा आक्षेप होता.

सकाळी मामाक म्हणजे तमिळ मुस्लिम टपरीवर रोती चनाई म्हणजे पापुद्र्यांचा पराठा खा. सोबत माशाची कढी ओतू नये म्हणून ‘दाल साहाजा’ म्हणजे फक्त डाळ, असं सांगा. चहा गोडमिट्ट असतो. ‘कुरांग मानिस’ म्हणजे कमी गोड, असं म्हटलं की साखरेवर जरा दया येते. नवऱ्याचा मुक्काम नासी कांदारच्या दुकानात. भातावर हवी ती भाजी, मासा, कोंबडी आणि वरून चार-पाच रश्श्यांचा पूर, तोही ‘बांजिर’ म्हणजे पूर असंच मागायचं. वाढणारा हात थांबत नाही आणि किंमत गल्ल्यावर ताट बघून ठरते. मोठ्या कोळंबीला, कालवांना बोट दाखवण्यापूर्वी भाव विचारा. बीफ चालत नसेल तर तेही आधीच सांगा, एकच डाव दोन पातेल्यांत फिरतो.

संध्याकाळच्या हॉकर सेंटरची, म्हणजे खाण्याच्या गाड्यांच्या अड्ड्याची रीत अशी: आधी टेबल धरा, त्याचा नंबर लक्षात ठेवा, मग वेगवेगळ्या गाड्यांवर ऑर्डर द्या. खाणं टेबलावर येतं, पैसे तेव्हाच, आणि रोखच बरे. पेय मात्र टेबलावर येणाऱ्या माणसाकडून घ्यायचं. न घेतल्यास काही ठिकाणी बसण्याचे पैसे लावतात. चेंडोल बिनधास्त खा: बर्फ, नारळाचं दूध, ताडगूळ, हिरव्या शेवया, राजमा.

दुसऱ्या दिवशी एर इताम हे उपनगर. तिथल्या केक लोक सी या बौद्ध देवळाचा सात मजली पॅगोडा खाली चिनी, मधे थाई, वर बर्मी धाटणीचा आहे. पायऱ्या भरपूर, पण वरच्या क्वान यिनच्या उंच मूर्तीकडे जायला छोटी लिफ्टगाडी आहे, तिचं तिकीट वेगळं. पेनांग हिलची रेल्वे मात्र सकाळी लवकर पकडा. परदेशी पाहुण्यांना तिकीट स्थानिकांपेक्षा चांगलंच महाग पडतं आणि शनिवार-रविवारी रांग संपत नाही. वर गारवा आहे, देऊळ आणि मशीद शेजारी शेजारी आहेत. ढग असतील तर पैसे वाया.

बातू फेरिंगीचा किनारा आम्ही पाहिला. कोकणात वाढलेल्याने पाहिला नाही तरी चालेल.

पाऊस सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये जास्त, जानेवारी-फेब्रुवारी कोरडे. थायपुसम या तमिळ हिंदू उत्सवाच्या काळात गेलात तर खोली फार आधी घ्या. परतीच्या दिवशी विमानतळ बेटाच्या दक्षिणेला आहे हे ध्यानात ठेवा. कारखाने त्याच भागात, संध्याकाळी रस्ता तुंबतो. संध्याकाळचं विमान असेल तर चारच्या आत निघा.