नाण्यांनी भरलेल्या बरणीचा अंदाज

आमच्या गोव्यातील डिचोलीच्या घरात लोणच्याची एक जुनी चिनी मातीची बरणी आई वीसेक वर्षे चिल्लर ठेवायला वापरत होती. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून परतल्यावर पिशवीच्या तळाशी उरलेले सुटे पैसे तीत पडायचे. यंदा चतुर्थीपूर्वी घराला रंग द्यायचे ठरले, तेव्हा ती हलवणे भाग पडले. तीत पंधरा-सोळा हजार तरी नक्की असतील, असे आई छातीठोकपणे सांगत होती. म्हणून मोजणीपूर्वी हिशेबाने अंदाज बांधून पाहायचे मी ठरवले.

शेजारच्या दुकानातील काट्यावर, बरणीचे वजन वगळता, नाणी 22.4 किलो भरली. मात्र निव्वळ वजनावरून रक्कम निघत नाही. 1992 नंतरचे मोठे एक रुपयाचे नाणे 4.85 ग्रॅमचे आणि 2011 च्या मालिकेतील दोन रुपयांचेही तेवढ्याच वजनाचे. म्हणजे काट्याला दोन्ही सारखीच, किंमत मात्र दुप्पट. पाच रुपयांचे जुने जाड नाणे 9 ग्रॅमचे, तर 2011 चे पितळी रंगाचे 6 ग्रॅमचे. त्यामुळे जुन्या पाचांच्या एका किलोत सुमारे 555 रुपये येतात, नव्यांच्या किलोत 830 च्या वर. नव्या लहान एक रुपयांच्या किलोत जेमतेम 264 रुपये असतात, आणि दहाच्या नाण्यांच्या किलोत जवळजवळ 1,300!

म्हणून नमुना घेणे आले, आणि खरी मेख तिथेच होती. बरणी वर्षानुवर्षे वरून भरत गेलेली असल्याने तिच्यात काळाचे थर पडले होते: तळाशी पन्नास पैसे, एक, दोन व पाच रुपयांची जुनी नाणी आणि 30 जून 2011 पासून चलनातून बाद झालेल्या पावल्या, तर तोंडाशी पाच व दहाची नाणी. वाडग्याने थर उपसत मी वरचा, मधला आणि तळचा असा एकेक किलो वेगळा काढून मोजला. वरच्या किलोत 712 रुपये निघाले, मधल्यात 498 आणि तळच्यात, पावल्या न धरता, 331. नुसत्या वरच्या मुठीवर विसंबलो असतो, तर उत्तर सोळा हजारांच्या घरात, म्हणजे आईच्या म्हणण्याप्रमाणेच आले असते. बरणीचे पोट फुगीर असल्याने मधला नमुना दुप्पट धरून सरासरी काढली. ती किलोमागे सुमारे 510 आली आणि एकूण अंदाज 11,400 च्या आसपास गेला. प्रत्यक्ष मोजणीत 11,163 रुपये भरले. आईला ही रक्कम काही पटली नाही; तिने पाचांची रास पुन्हा मोजून घेतली.

नाणे कायदा 2011 नुसार एक रुपया व त्यावरील नाणी एका देण्यात हजार रुपयांपर्यंतच कायदेशीर चलन ठरतात, त्यामुळे कोणा एका दुकानदाराच्या माथी सगळी मारता येत नाहीत. बँकेच्या शाखांनी मात्र नाणी नाकारू नयेत, असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत. एक व दोन रुपयांच्या शंभर-शंभर नाण्यांच्या प्लास्टिक पिशव्या करून नेल्या, तर रोखपालाचेही काम हलके होते. आम्ही तसेच केले. पाचची नाणी माटोळीच्या, म्हणजे चतुर्थीला गणपतीवर बांधायच्या फळापानांच्या सजावटीच्या, बाजारात फळे आणि सुपाऱ्यांचे घोस विकणाऱ्या बायकांनी आनंदाने घेतली. दहाच्या नाण्यांना एकदोघांनी नाके मुरडली, तेव्हा दहाच्या नाण्यांचे चौदाही नमुने वैध असल्याचे रिझर्व्ह बँकेने 2018 मध्येच स्पष्ट केल्याचे सांगून पाहिले. एकीने ती ठेवून घेतली, दुसरीने नोटच मागितली.