अ‍ॅसिटोन आणि पाणी वेगळं करताना: माझा अनुभव

अ‍ॅसिटोन 56 अंशांना उकळतं, पाणी 100 ला. एवढं अंतर असल्यावर साधं ऊर्ध्वपातन (उकळून वाफ करायची आणि ती थंड करून गोळा करायची) पुरेल असं वाटतं, म्हणून आधी तेच केलं. 250 मिलिच्या गोल बुडाच्या चंबूत दोन्ही 50-50 मिलि, उसळी टाळायला पोर्सेलिनचे चार तुकडे, पुढे कंडेन्सर, म्हणजे वाफ थंड करणारी नळी. थंड करणारं पाणी कंडेन्सरच्या खालच्या तोंडातून आत आणि वरच्यातून बाहेर. उलटं जोडलं तर नळी पूर्ण भरत नाही.

पहिला थेंब 62 च्या आसपास पडला आणि पारा कुठेच न थांबता चढत गेला. कारण साधं आहे. या मिश्रणात 100 रेणूंमागे साधारण 20 अ‍ॅसिटोनचे असतात. त्यातून उठणाऱ्या वाफेत ते 80 च्या घरात जातात, पण उरलेलं पाणीही सोबत येतंच. एका उकळीत याहून जास्त होत नाही.

मग सगळं परत चंबूत ओतलं, नवे तुकडे टाकले (एकदा थंड झालेले तुकडे निकामी होतात, आणि तापलेल्या द्रवात टाकले तर सगळं उसळून वर येतं) आणि मध्ये 30 सेंमीचा, आतून काचेचे दाते असलेला विग्रो कॉलम (एक उभी काचनळी) बसवला. थर्मामीटरचा फुगा बाजूच्या नळीच्या तोंडाच्या किंचित खाली हवा. तो वर राहिला तर वाफ त्याला न भिजवताच निघून जाते आणि तापमान कमी दिसतं. अ‍ॅसिटोन झटकन पेट घेतं, त्यामुळे बर्नर नाही, हीटिंग मँटल (चंबूभोवती बसणारं विजेचं तापक). आणि ग्राहक चंबूकडची (ज्यात थंड झालेला द्रव गोळा होतो) हवेची वाट उघडीच ठेवायची.

खरी कसोटी आंच सांभाळण्याची. कॉलममध्ये ओलसर कडं हळूहळू वर सरकताना दिसतं, दात्यांवरून थेंब परत खाली ओघळतात. वर जाणारी वाफ आणि खाली येणारा द्रव यांची ही गाठ म्हणजेच पुन्हा पुन्हा ऊर्ध्वपातन. घाई केली की कॉलम द्रवाने तुंबतो. दोन सेकंदांना एक थेंब, याहून जलद नको. असं केल्यावर पारा 56-57 वर बराच वेळ टिकला.

त्यानंतर तापमान अचानक उतरतं. यात बिघाड काही नाही: अ‍ॅसिटोन संपत आलेलं असतं आणि पाण्याची वाफ माथ्यापर्यंत पोचत नाही. ग्राहक बदलायचा, कॉलमभोवती अ‍ॅल्युमिनियमची फॉइल गुंडाळायची, आंच वाढवायची. मधला थोडासा भाग वेगळा काढला आणि पुढे पारा 100 च्या जवळ स्थिरावला. चंबूत 10 मिलि उरलं तेव्हा मँटल बंद केला. चंबू कोरडा होऊ द्यायचा नाही.

पहिल्या भागात चिमूटभर निर्जल कॉपर सल्फेट टाकलं. पांढरी पूड फिकट निळी झाली, म्हणजे थोडं पाणी अजून आहे. तेवढं काढायला कॉलम उपयोगाचा नाही, निर्जल कॅल्शियम सल्फेट लागतं.