आधी हवा, मग थेंब: स्टुटगार्टच्या तळघरातून अंबडच्या शेडसाठी

जर्मनीत रविवारी ड्रिल चालवायचं नाही, गवत कापायचं यंत्र बाहेर काढायचं नाही आणि रात्री दहानंतर भिंतीपलीकडे ऐकू जाईल असं काहीच करायचं नाही. स्टुटगार्टजवळच्या आमच्या गावात हे सगळे मनापासून पाळतात आणि मला ते आवडतंही. पण तळघरात छोटा सीएनसी राउटर (संगणकाच्या हुकमाने कापणारं यंत्र) असला आणि कापलेले तुकडे उडवायला त्याला हवेची जोड द्यायची ठरवली, की कॉम्प्रेसर कुठला घ्यायचा याच्या आधी तो कधी चालवता येईल, हे बघावं लागतं.

हे सगळं लिहितोय ते मुख्यतः माझ्या मामेभावासाठी. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत मामांच्या जुन्या शेडमध्ये त्याने माझ्यासारखाच टेबलावर मावणारा राउटर बसवलाय. लाकडी नेमप्लेट झाल्या, ॲक्रिलिकची अक्षरं झाली. आता ॲल्युमिनियमच्या छोट्या जिग-फिक्श्चरची (काम करताना माल धरून ठेवणाऱ्या साच्यांची) कामं विचारायला लोक येऊ लागलेत. परवा व्हिडिओ कॉलवर म्हणाला, "दादा, ॲल्युमिनियम टूलला चिकटतंय आणि टूल मोडतंय. कूलंट लावू का?" मागून मामांचा आवाज आला, "रॉकेल मार म्हणतोय मी कधीचा!"

मामांचं चूक नाही. ॲल्युमिनियमला रॉकेल ही आपल्याकडच्या लेथवरची जुनी, चालणारी पद्धत आहे. ब्रशने दोन थेंब लावले की फिनिश आरशासारखा येतो. पण मिनिटाला अठरा हजार फेरे मारणाऱ्या स्पिंडलखाली (टूल फिरवणाऱ्या दांड्याखाली) रॉकेलचे तुषार उडवणं वेगळं. त्यात भावाच्या मशीनला ब्रशची राउटर मोटर आहे, म्हणजे कार्बन ब्रशपाशी सतत ठिणग्या. तिथे रॉकेल नको, आयसोप्रोपिल अल्कोहोल तर मुळीच नको. त्याचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ पेट घेऊ शकते तो, 12 अंशांच्या आसपास आहे, म्हणजे नाशिकच्या बहुतेक दिवसांत ते पेट घ्यायला तयारच असतं.

आता मुळात टूल का मोडतं? ॲल्युमिनियम 660 अंशांला वितळतं, पण टूलला चिकटायला तेवढं तापायची गरज नसते. धातू मऊ, त्यात दाब आणि घर्षण, एवढं पुरतं. खाच कापताना चिप्स (कापलेल्या धातूचे तुकडे) आतच राहिल्या की टूल त्याच चिप्स पुन्हा पुन्हा चावतं, त्या धारेवर थापल्या जातात, फ्लूट (चिप बाहेर काढणारी टूलवरची खोबण) बुजतं आणि टूल कापायचं सोडून घासायला लागतं. कान दिला तर कळतं: स्वच्छ, बारीक आवाज एकदम जाडसर होतो, आणि मशीन थांबवायला हात जाईपर्यंत 3 मिमीचं कार्बाइडचं टूल गेलेलं असतं. माझं ठाम मत असं, की लहान राउटरवर खरा रोग साचलेल्या चिप्स हाच आहे. उष्णता त्याच्या मागून येते. मोठ्या व्हीएमसीवर (कारखान्यातल्या मोठ्या मिलिंग मशीनवर) कूलंटचा, म्हणजे टूल थंड ठेवणाऱ्या द्रवाचा, लोंढा थंडही करतो आणि चिप्स धुऊनही नेतो. आपल्या मशीनवर बेड एमडीएफचा (लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या फळीचा), रेल उघडे, वायरिंग उघडं; तिथे लोंढा सोडता येत नाही. म्हणून धुण्याचं काम हवेकडून करून घ्यायचं.

हवेच्याही आधी फीड, म्हणजे टूल मालात पुढे सरकायचा वेग, बघ. टूल मोडायच्या भीतीने आपण फीड कमी करतो आणि नेमकं उलटं होतं. एका फ्लूटचं टूल, 18,000 आरपीएम आणि दर फेऱ्याला 0.05 मिमी चिप, म्हणजे फीड मिनिटाला 900 मिमी. तू 300 वर चालवतोस, म्हणजे चिप 0.017 मिमीची. ती चिप नाही, भुकटी आहे. जाड चिप आपल्याबरोबर उष्णता घेऊन बाहेर पडते. भुकटी ती टूलमध्येच सोडून जाते. खोली मात्र कमी ठेव, मशीन लवचीक आहे. आणि माल ओळखीचा घे. 6082 हा ॲल्युमिनियमचा प्रकार, म्हणजे अंबडच्या दुकानात एचई-30 म्हणून मिळतं ते, छान कापलं जातं. पूर्वी अंबड लिंक रोडच्या भंगार बाजारातून आणायचो तसल्या बेनामी पट्ट्यांत एखादी इतकी मऊ निघते, की तिच्यापुढे कुठलाच उपाय चालत नाही.

नोझलबद्दल मला बाबांनी शिकवलं. त्यांची सगळी नोकरी नाशिकच्याच सातपूरमधल्या मायकोत (आताच्या बॉशमध्ये), डिझेल इंजेक्शनच्या विभागात झाली. फोनवर मी दाब किती ठेवू असं विचारलं, तर ते म्हणाले, "दाबाचं नंतर बघ. भोक केवढं आहे ते सांग." हिशेब असा: 6 बारला 1 मिमीच्या भोकातून मिनिटाला साधारण 60 लिटर मोकळी हवा जाते. भोक 2 मिमीचं केलं की क्षेत्रफळ चौपट, हवाही चौपट. छोटा कॉम्प्रेसर तिथेच दम टाकतो आणि अखंड घरघरत राहतो. मी 1 मिमीचं नोझल लावलं आणि रेग्युलेटरवर दाब 2 बारपर्यंत उतरवला. टूलच्या टोकापासून चार-पाच सेंटिमीटरवर, तिरकं, खाचेच्या दिशेने धरलं की चिप्स खाचेतून सरळ मागे उडतात आणि खाचेचा तळ चकचकीत दिसतो. फुंकर टूलच्या दांड्यावर बसत असेल तर काही उपयोग नाही, ती टोकावरच हवी. स्पिंडल वरखाली होतो, म्हणून नोझल स्पिंडलच्याच माउंटला बांधायचं. टाकी आता अधूनमधूनच भरते आणि शेजारच्या आजी जिन्यात भेटल्या की हसून बोलतात.

एवढ्यावरच अर्ध्याहून जास्त कामं निभावतात. खोल खाचा, बारीक टूल आणि चिवट माल असेल तेव्हाच मिस्ट, म्हणजे हवेबरोबर थोडा कूलंट, घ्यायचं. त्याची रचना सोपी आहे: 6 मिमीच्या हवेच्या पाइपमधून आत एक बारीक नळी द्रव घेऊन येते, नोझलच्या तोंडाशी हवा त्या द्रवाला ओढून टूलवर नेते आणि सुईचा व्हॉल्व्ह थेंब मोजतो. बाटली नोझलपेक्षा खाली ठेव, नाहीतर हवा बंद केल्यावरही सायफनने थेंब गळत राहतात. गरज तासाला काही मिलिलिटरची असते. कारखान्यातल्या मिनिमम क्वांटिटी (कमीत कमी तेल वापरायच्या) पद्धतीतही साधारण तासाला 50 मिलिलिटरच्या आतच काम चालतं. पाण्यात मिसळायचं सोल्युबल ऑइल वापरणार असशील तर बाटलीपुरतं ताजं कर. उरलेलं आठवडे ठेवलं की त्यात जंतू वाढतात आणि वास सुटतो.

आता जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. मामांनी उमेदीची वर्षं कूलंटच्या धुक्यात काढली. त्यांच्या मनगटांवरची लालसर, सोललेली कातडी मी लहानपणापासून बघतोय. खोकला तर त्यांच्या बोलण्याचाच भाग झालाय. तेव्हा त्या शेडमध्ये कुणी मास्क दिला नाही, पंखा लावला नाही. कामगारांच्या आरोग्याचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेच्या नायॉश या सरकारी संस्थेने 1998 मध्ये अशा धुक्यासाठी दर घनमीटर हवेत 0.5 मिलिग्रॅमची मर्यादा सुचवली. हे प्रमाण इतकं थोडं आहे, की डोळ्यांना ढग दिसतोय म्हणजे आपण ते केव्हाच ओलांडलेलं असणार. म्हणून आपल्याला धुकं नको, थेंब हवेत. दाब कमी ठेवला की द्रवाचे जड थेंब होतात आणि ते टूलवर पडतात. दाब वाढवला की त्याचंच हवेत तरंगणारं धुकं होतं.

तपासायचं असं. दिवे बंद कर, नोझलखाली काच धर आणि बाजूने टॉर्च मार. काचेवर हळूहळू ओल जमायला हवी. टॉर्चच्या झोतात धूर फिरताना दिसला, तर आधी हवा कमी कर, मग द्रव. माझ्या तळघराला एकच छोटी खिडकी आहे, तिच्यात मी एक्झॉस्ट फॅन बसवलाय आणि तो चालू नसेल तर मिस्ट सोडत नाही. अंबडला शेडचं शटर उघडं असतं, पण तेवढ्यावर भरवसा ठेवू नकोस, पंखा लावच. आणि साध्या एन95 मास्कवर विसंबू नकोस, तो तेलाच्या कणांसाठी बनवलेला नसतो. पी100 फिल्टर घे.

थोडं मशीनबद्दल. मिस्ट वापरायचं तर एमडीएफच्या बेडवर एचडीपीईची (प्लास्टिकची) शीट टाक, नाहीतर एमडीएफ फुगून झेड (टूलची वरखालीची उंची) बिघडेल. ओल्या चिप्स व्हॅक्यूमने ओढू नकोस. लाकडाला मिस्ट कधीच नको. पावसाळ्यात कॉम्प्रेसरच्या टाकीचं पाणी रोज काढायचं आणि पाइपवर वॉटर सेपरेटर बसवायचा, म्हणजे रेलला गंज चढणार नाही. सोलेनॉइड (हवा-द्रव चालू-बंद करणारा विजेचा व्हॉल्व्ह) 24 व्होल्टचा घे आणि त्याच्यावर उलटा डायोड टाक, नाहीतर बंद होतानाच्या झटक्याने कंट्रोलर रिसेट होतो. जीआरबीएलमध्ये (राउटर चालवणाऱ्या कंट्रोलरच्या सॉफ्टवेअरमध्ये) एम8 हा कूलंट चालू करायचा आदेश तसाच चालतो. एम7 हा मिस्टचा आदेश मात्र कॉन्फिग फाइलमध्ये चालू करून पुन्हा कंपाइल करावं लागतं. मी एम8 वर हवा ठेवलीय, एम7 वर द्रव, आणि एम9 ने दोन्ही बंद.

उरलेला द्रव इथे महापालिकेच्या घातक कचऱ्याच्या केंद्रावर नेऊन द्यावा लागतो. तिकडे शेडमागच्या नाल्यात ओतायचा नाही, एवढं नक्की पाळ. सातपूर-अंबडचं पाणी नासर्डी नदीला जातं आणि नासर्डी गोदावरीला. मिस्टमध्ये उरतं तरी किती, चिंधीने पुसून डब्यात जमा करण्याइतकंच; तो डबा मामांच्या ओळखीतल्या, वापरलेलं तेल अधिकृतपणे उचलणाऱ्याकडे दे.

पाइप, पुश फिटिंग, रेग्युलेटर, सोलेनॉइड हे सगळं तुला नाशिकमध्येच न्यूमॅटिकच्या दुकानात मिळेल, इथून मागवायची गरज नाही. पहिल्या महिन्यात फक्त हवेवर काम कर. मिस्ट जोडशील तेव्हा टॉर्चची तपासणी होईपर्यंत मामांना शेडमध्ये बसू देऊ नकोस. ते ऐकणार नाहीत, तेव्हा मामींना सांग.