नामिबच्या किनाऱ्यावरचं दगडफूल

स्वाकोपमुंडहून समुद्राच्या कडेकडेने उत्तरेला निघालो, तेव्हा सकाळचे नऊ वाजून गेले होते. नामिबियाच्या या किनाऱ्यावर पाऊस जवळजवळ नाहीच. बेंगेला हा थंड सागरी प्रवाह किनाऱ्यालगत वाहतो, त्यावरची हवा गारठते आणि धुकं होऊन वाळवंटात शिरते. इथले कितीतरी जीव त्या धुक्यावरच जगतात.

व्लॉट्झकासबाकेनजवळ वाटाड्यांनी गाडी रस्त्यावरच ठेवली. त्यांच्या पावलावर पाऊल टाकत आम्ही चालू लागलो. मला नुसतं खडीचं माळरान दिसत होतं. त्यांनी गुडघे टेकले आणि खड्यांमध्ये पडलेल्या एका काळपट, गुंडाळलेल्या चोयटीवर बाटलीतलं थोडं पाणी टाकलं. बघता बघता ती उलगडली आणि हिरवी झाली.

अहो, हे तर दगडफूल! आई गोड्या मसाल्यासाठी तेलावर परतायची, त्याचंच भावंड. बुरशी आणि शैवाल एकमेकांच्या आधाराने जगतात, ते हे. आयुष्यभर खाल्लं, पण जिवंत असं कधी बघितलंच नव्हतं. मी तिथेच बसून राहिले. मग नजर सरावली आणि सगळीकडे तेच दिसू लागलं, कुठे करडं, कुठे नारिंगी झुबके.

आणि त्यातूनच गेलेली चाकांची दोन चाकोरी.

"मी या कामाला लागलो तेव्हाही ही होती," वाटाडे म्हणाले. दगडफूल वर्षाला मिलिमीटरभरही वाढेल न वाढेल, त्यामुळे असा ओरखडा दशकानुदशकं राहतो. रस्ता शंभर पावलांवर असताना कुणाला इथून गाडी घालावीशी वाटली? मला इतका संताप आला की पुढचा तासभर मी कुणाशी बोलले नाही.

केप क्रॉसला हजारो सील पाहिले, तो उग्र वास कपड्यांतून गेला नाही. हेंटीस बेजवळ 2008 साली रुतलेलं 'झैला' पाहिलं. भंगारात निघालेलं ते जहाज मुंबईला यायचं होतं, आता त्यावर पाणकावळे राहतात.

दुसऱ्या दिवशी पहाटे, दाट धुक्यात, मी हट्टाने पुन्हा त्या माळावर जायला लावलं. रस्त्याच्या कडेलाच उभी राहिले. पाण्याची बाटली काढायची गरजच पडली नाही. सगळी दगडफुलं आपसूक उमलली होती, दिसेल तिथवर ओली, हिरवी, नारिंगी. चाकोरीचे दोन पट्टे तेवढे कोरडी खडी होऊन त्यांतून लांब गेले होते.